न पाहिलेला क्षण

बाजारात ज्यास डीएसएलआर म्हणतात त्या कॅमेऱ्याची एक गंमत विक्रेते सहसा सांगत नाहीत. छायाचित्र ज्या क्षणी निघते, नेमका तोच क्षण ते काढणाऱ्यास दिसत नाही. भिंगातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या एका लहानशा आरशावर पडतो, तेथून वर जाऊन लोलकातून वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणून भिंगासमोरचे दृश्य जसेच्या तसे आपल्या नजरेस पडते. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडून मिटतो, तेवढ्या अवधीत प्रकाश मागच्या संवेदकावर आपली नोंद करतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. या सर्वांस यंत्रागणिक कमीअधिक, पण सुमारे सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार. समोर डोंगर वा देऊळ असेल तर या अंधाराचे कोणास काही वाटू नये. आधी होते तेच नंतरही असते. पण समोर झेप घेतलेला खेळाडू असेल, तर अंधारापूर्वी आपण पाहिला तो एक आणि चित्रात आला तो दुसरा. मग 'हे आम्ही टिपले' असे जे अभिमानाने म्हटले जाते, त्यात टिपणाऱ्याचे नेमके काय? आणि त्याचे फारसे काही नसेल, तर त्या चित्राने कोणाचे बरेवाईट झाल्यास त्याची जबाबदारी त्याच्यावर कशी येते?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो खरेदीच्या निमित्ताने. राज्य शासनाच्या सेवेत असताना आम्ही अनेक खरेदी समित्यांवर काम केले. लाकडी टेबलांपासून पाण्याच्या पंपांपर्यंत नाना वस्तूंचे तौलनिक तक्ते आमच्या हाताखालून गेले. ही ख्याती निवृत्तीनंतरही माणसाचा पिच्छा सोडत नाही. इंदुरातील आमच्या परिचयाच्या एका व्यायामशाळेच्या तरुण चालकांनी विचारले, "काका, मल्लखांबाचे फोटो काढण्यासाठी पहिला चांगला कॅमेरा घ्यायचा आहे. तो कोणता घ्यावा, ते तुम्ही ठरवून द्या."

मल्लखांबाची ओळख या पत्रिकेच्या वाचकांस करून देण्याची आवश्यकता नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचे नाव ज्या विद्येशी जोडलेले आहे, ती मराठी माणसांबरोबर माळव्यात आली आणि येथेच रुजली. २०१३ साली मध्य प्रदेश शासनाने मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. आज त्या व्यायामशाळेत खांबावर चढणाऱ्या मुलामुलींपैकी निम्म्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, पण दसरंग, ताजवा, फरारा हे शब्द त्यांच्या तोंडी अगदी सहज असतात. आमच्या पिढीने भाषेसाठी भरविलेल्या अनेक परिषदांपेक्षा एरंडेल तेल चोपडलेल्या या खांबाने अधिक काम केले असावे, अशी शंका आम्हांस अधूनमधून येते. पण तो विषय वेगळा.

कॅमेऱ्याकडे वळू. खांबाच्या शेंड्याकडून झेपावत सव्वा मीटर खाली आलेल्या देहाचा वेग सेकंदास सुमारे पाच मीटर होतो. हे गणित शाळेच्या पदार्थविज्ञानाचे आहे. पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला तर तेवढ्यात तो देह आठ सेंटीमीटर सरकतो आणि चित्रात चेहऱ्याच्या जागी एक पट्टा उरतो. एक सहस्रांश सेकंदात तो केवळ पाच मिलिमीटर सरकतो. तेव्हा पडदा एक सहस्रांश सेकंदच उघडला पाहिजे. आता व्यायामशाळेतील उजेड पाहा. उंच छप्पर, चार नळ्या, एक झरोका. कॅमेऱ्याबरोबर जे साधे भिंग मिळते त्याचे छिद्र लांबच्या टोकास एफ ५.६ इतकेच उघडते. पन्नास किंवा पंच्याऐंशी मिलिमीटरचे एफ १.८ छिद्राचे स्थिर भिंग त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणून तक्त्यात पहिली नोंद आम्ही भिंगाची केली आणि यंत्राची त्याखाली. नवे खरेदीदार नेमके याच्या उलट करतात. यंत्राच्या अंगावरील आकडे पाहून पैसे संपवितात आणि भिंगास काही उरत नाही.

दुसरी नोंद त्या नळ्यांची. आपल्याकडे वीज सेकंदास पन्नास आवर्तने घेते, त्यामुळे नळीचा उजेड सेकंदास शंभर वेळा वाढतो आणि उतरतो. आपल्या डोळ्यास हे कळत नाही. सहस्रांश सेकंदाने पाहणाऱ्या यंत्रास मात्र एक चित्र उजळ, दुसरे मळकट, तिसरे पिवळट असे दिसते. कॅननच्या ७डी मार्क २ या २०१४ सालच्या कॅमेऱ्यात या लुकलुकण्याचा ठाव घेऊन उजेड शिगेस असतानाच पडदा उघडण्याची सोय आली. निकॉनच्या २०१६ सालच्या डी५०० मध्येही तशी सोय आहे. ही दोन्ही यंत्रे सेकंदास दहा चित्रे घेतात. दोन्ही आता नवी मिळत नाहीत, आणि एकंदर आरशाच्या कॅमेऱ्यांचा काळच सरत आला आहे. कॅनन आणि निकॉन यांची त्या जातीची सर्वांत वरच्या वर्गातली यंत्रे २०२० साली निघाली, त्यानंतर त्यांच्या जागी विनाआरशाची यंत्रे आली. तेव्हा पहिला डीएसएलआर घेणे म्हणजे सांप्रत बहुधा कोणाचा तरी वापरलेला घेणे. तो घेताना पडदा किती वेळा उघडला ते आधी विचारावे. वरील दोन्ही यंत्रांचा पडदा दोन लाख चित्रांपर्यंत टिकावा असे निर्मात्यांचे माप आहे. आम्ही कागदावर हिशेब मांडला. सेकंदास दहा या वेगाने कळ दाबून धरली तर दोन लाख चित्रे साडेपाच तासांत संपतात. आणि प्रत्येक चित्र एक सहस्रांश सेकंदाचे धरल्यास, यंत्राच्या अख्ख्या आयुष्यात त्याने जग पाहिले ते अवघी तीन मिनिटे वीस सेकंद.

हा हिशेब आम्ही चालकांस दाखविला तेव्हा ते हसले. पण त्यांच्यातील एकाने तिसरे दरपत्रक पुढे केले, आणि तेथे आमची खरी पंचाईत झाली. ते विनाआरशाच्या यंत्राचे होते. कॅननच्या २०२२ सालच्या आर७ मध्ये अशी एक तऱ्हा आहे की कळ अर्धी दाबून ठेवली असता यंत्र सतत चित्रे घेत आणि टाकून देत असते; आपण कळ पूर्ण दाबली की दाबण्यापूर्वीच्या अर्ध्या सेकंदातील चित्रेही ते राखून ठेवते, सेकंदास तीस या वेगाने. याच कल्पनेचा एक अवतार ऑलिंपसच्या २०१६ सालच्या कॅमेऱ्यात होताच. सोनीने २०२३ साली जाहीर केलेले ए९ ३ हे तर सेकंदास एकशे वीस चित्रांपर्यंत गेले आहे. मनुष्यास दिसलेल्या गोष्टीवर बोट हलविण्यास सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात आपला खेळाडू मीटरभर खाली आलेला असतो. आजवर यावर एकच उपाय होता: खेळ इतका ओळखीचा करून घ्यायचा की खेळाडू हात सोडण्यापूर्वीच, त्याच्या खांद्याच्या ताणावरून, आपले बोट हलावे. नव्या यंत्राने तो उपायच अनावश्यक केला. क्षण निघून गेल्यावर 'हाच तो' असे म्हणण्याची मुभा त्याने दिली.

वयस्क माणसाने येथे 'आमच्या वेळी असे नव्हते' हा सूर लावावा अशी अपेक्षा असते. छत्तीस चित्रांचे रोल, धुलाईचा खर्च आणि त्यातून येणारा संयम यांची स्तुती आम्ही पुष्कळ ऐकली आहे. आम्हांस ती फारशी पटत नाही. अडचणीतून संयम येतो हे खरे असले तरी केवळ त्यासाठी अडचण विकत घेणे हा शहाणपणा नव्हे. रोलच्या काळात असंख्य कुटुंबांकडे मुलांच्या खेळाचे एकही चित्र नव्हते, हे त्या संयमाचे दुसरे अंग. आणि ज्याचे बोट वयाने मंदावले आहे अशा आजोबांस नातीची झेप टिपता यावी, यात वाईट काय आहे? म्हणून नव्या यंत्रास नकार द्यायचा तर कारण अधिक खोलात शोधले पाहिजे.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात क्षणाचा विचार आला आहे. परमाणू एक जागा सोडून लगतच्या जागी जाण्यास जो काळ लागतो तो क्षण, असे भाष्यकार सांगतात. आणि पुढे असेही म्हणतात की दोन क्षण कधी एकत्र असत नाहीत, त्यामुळे मुहूर्त, दिवस, रात्र या साऱ्या राशी बुद्धीने रचलेल्या आहेत. हे वाचताना कॅमेऱ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. सेकंदास दहा चित्रे, प्रत्येक एक सहस्रांशाचे, म्हणजे त्या सेकंदाचा शंभरावा भाग नोंदला गेला आणि नव्याण्णव भाग कोरे राहिले. वेग एकशे वीसवर नेला तरी अठ्ठ्याऐंशी भाग कोरेच राहतात. वेगवान यंत्राने 'काही निसटत नाही' असे जे सांगतात ते या अर्थाने खरे नाही. निसटतेच, आणि चित्रांच्या मधली जागा आपली बुद्धी भरून काढते.

मग हाती आलेला तुकडा तरी खरा आहे का? १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने बारा कॅमेरे ओळीने मांडून धावत्या घोडीची चित्रे घेतली. भरधाव धावताना घोड्याचे चारही पाय कधी एकदम जमिनीपासून सुटतात का, असा प्रश्न होता. सुटतात, असे सिद्ध झाले, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार शतकानुशतके पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवीत आले होते; जेरिकोचे १८२१ सालचे एप्सम येथील शर्यतीचे प्रसिद्ध चित्र तसेच आहे. तेव्हा चित्रकार खोटा ठरला असे सर्वांस वाटले. शिल्पकार रोदँ यास तसे वाटले नाही. १९११ साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या संभाषणांत त्याने उलट मत मांडले: काळ कधी थांबत नाही, म्हणून थांबलेला काळ दाखविणारे छायाचित्रच असत्य, जेरिकोचा घोडा पाहणाऱ्यास धावताना दिसतो, हे सत्य. आम्ही या वादात पूर्णपणे कोणत्याच बाजूचे नाही. घोडीच्या पायांविषयी मायब्रिजचे चित्र खरे आहे. धावण्याविषयी ते काही सांगत नाही, इतकेच.

प्रश्न अगदी अरुंद असेल तर यंत्राचा निर्णय न्यायाचा होतो. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत पोहोचली आणि रुमानियाची धावपटू ५५.४१ सेकंदांत. एक शतांश सेकंदाने कांस्यपदक गेले. तो निवाडा करणारे चित्र आपल्या नेहमीच्या छायाचित्रासारखे नसते. ते यंत्र केवळ अंतिम रेषेची एक बारीक फट सतत नोंदत राहते. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जागा बदलत नाही, काळ बदलतो. सबंध चित्र एकाच जागेचे आणि नाना क्षणांचे. त्यात धावपटूंचे देह वेडेवाकडे ताणलेले दिसतात, पण त्यावरून कोणी त्यांच्या रूपाबद्दल मत बनवीत नाही. छाती रेषेवर केव्हा आली, एवढाच त्या चित्राला विचारलेला प्रश्न असतो आणि तेवढेच उत्तर ते देते.

आमच्या व्यायामशाळेतील चित्रास मात्र असा बांधलेला प्रश्न नसतो. ते पाहणारा काय वाटेल ते विचारतो. दसरंग घेताना, उलट लटकताना, श्वास कोंडलेला असताना मनुष्याचा चेहरा एका सहस्रांश सेकंदासाठी असा होतो की जो त्याच्या आईनेही कधी पाहिलेला नसतो. कोणीच पाहिलेला नसतो. छायाचित्र काढणाऱ्यानेही नाही, त्याच्या डोळ्यापुढे आरसा उचललेला होता. मागे एका स्पर्धेनंतर तेरा वर्षांच्या एका मुलीचे असे एक चित्र भ्रमणध्वनीवरून फिरले. दात आवळलेले, गाल एका बाजूस ओढलेला, डोळे अर्धवट मिटलेले. त्याखाली कोणी काय लिहिले ते येथे देण्याचे कारण नाही. मुलगी दोन महिने खांबाकडे फिरकली नाही. चित्र काढणारा तरुण सज्जन होता. त्याचे म्हणणे असे की, "मी काही बनविले नाही, जे होते तेच आले." रोदँचे म्हणणे आम्हांस तेव्हा नीट कळले. जे होते त्याचा एक सहस्रावा भाग आला होता. उरलेल्या भागांत त्या मुलीने एक कठीण दसरंग निर्दोष पूर्ण केला होता, आणि तो चित्रात कोठेच नव्हता.

शिवाय 'आले' हे क्रियापद तपासून घेतले पाहिजे. शासकीय सेवेत आम्ही हे क्रियापद फार ऐकले. टिपणी वरून आली, आदेश आला, नाव यादीत आले. कर्ता कोठे दिसत नाही. त्या तरुणाच्या यंत्रात त्या उडीची अकरा चित्रे होती. अकरांतून एक पुढे गेले, ते आपोआप गेले नाही. कळ दाबताना तो आंधळा होता हे आम्ही मान्य करू. अकरा चित्रे पडद्यावर मांडून बसल्यावर तो आंधळा नव्हता, आणि घाईतही नव्हता. यंत्र जसजसे वेगवान होते तसतसा आपला भाग बोटाकडून या बसण्याकडे सरकतो. जबाबदारीही तिकडेच जाते. एकशे वीस चित्रांतून एक निवडणाऱ्यास 'जे होते तेच आले' असे म्हणण्याचा अधिकार अकरांतून निवडणाऱ्याहून कमी आहे.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या १९५२ सालच्या ग्रंथाचे इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' या अर्थाचे आहे, आणि जगभर तेच रूढ झाले. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ निराळा: घाईघाईने, चोरून उचललेली चित्रे. पॅरिसमधील सँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे १९३२ सालचे त्याचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. ते त्याने कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून घेतले होते. फट भिंगाहून अरुंद होती, म्हणून चित्राची डावी बाजू कापावी लागली. त्या उडी मारणाऱ्यास कोणी विचारले नव्हते. चित्र सुंदर आहे, आणि फ्रेंच नाव प्रामाणिक आहे. चोरून उचललेली वस्तू पुष्कळदा परत करता येत नाही. पण आपल्या व्यायामशाळेतील मुले अनोळखी वाटसरू नाहीत. ती रोज संध्याकाळी साडेपाचला येतात. त्यांना विचारता येते.

तक्त्याच्या तळाशी आम्ही वापरलेल्या डी५०० ची शिफारस केली. सोबत पंच्याऐंशी मिलिमीटरचे एफ १.८ भिंग, दोन बॅटऱ्या आणि पडद्याची मोजणी चाळीस हजारांच्या आत असल्याची अट. विनाआरशाच्या यंत्रास नकार देताना जी कारणे नोंदविली ती रुक्ष आहेत. कळेपूर्वीची चित्रे ते यंत्र संवेदकाची एकेक ओळ वाचत घेते, त्यामुळे वेगाने फिरणारा हात तिरपा येऊ शकतो, आणि नळ्यांच्या उजेडात चित्रावर पट्टे उमटतात. झरोके वाढले, दिवे बदलले की हा आक्षेप बराचसा मावळेल. आरशाच्या बाजूने जे आणखी एक कारण होते ते तक्त्याच्या रकान्यात बसण्यासारखे नव्हते, म्हणून तोंडी सांगितले: या यंत्रावर जो शिकेल त्यास आधी मल्लखांब शिकावा लागेल, निदान पाहण्यापुरता. त्याला कोणती मुलगी ताजव्यापूर्वी श्वास घेते आणि कोणती घेत नाही हे ठाऊक होईल. आणि ज्याला हे ठाऊक आहे तो अकरा चित्रांतून तसले चित्र निवडील, असे आम्हांस वाटत नाही. खात्री देता येत नाही. सज्जन आणि जाणकार माणसेही निवडताना चुकतात, हे आम्ही समित्यांवर पाहिले आहे.

म्हणून एक नियम जोडण्यास सांगितले. सरावाची वा स्पर्धेची चित्रे त्याच आठवड्यात व्यायामशाळेच्या संगणकावर खेळाडूस दाखवावीत, लहान असल्यास पालकांसह. खेळाडू ज्यावर काट मारील ते चित्र कारण न विचारता पुसावे, आणि बाहेर द्यावयाचे चित्र त्याच्या पसंतीचे असावे. चालकांपैकी एकास हे जाचक वाटले. "काका, मुलांना चांगले चित्र कळत नाही," असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. गेल्या पावसाळ्यात दोन महिने न आलेल्या त्याच मुलीने आपल्या नऊ चित्रांतून जे निवडले ते आम्ही कधी निवडले नसते. पडदा चुकून संथ राहिला होता. खांब स्वच्छ, देह बऱ्यापैकी स्वच्छ, आणि उजवा हात कोपरापासून पुढे नुसता धूसर. आम्ही विचारले, हेच का? ती म्हणाली, "यात मी हात सोडतेय ते दिसतं. बाकीच्यांत मी नुसतीच लटकलेली आहे."

ते चित्र आता व्यायामशाळेच्या दारापाशी लावले आहे. चालकाने त्याखाली तिचे नाव, वर्ष आणि 'दसरंग' एवढेच लिहिले आहे.